तेवीस इंची रायझर आणि तोंडे सर

गुरुवर्य भानुदासराव तोंडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते केजच्या शाळेच्या मैदानावर. मी मूळची सिरसाळ्याची. आठवीला मावशीकडे केजला शिकायला आले होते. धनुर्विद्येच्या सरावाचा तो माझा पहिलाच दिवस होता आणि सर एक धनुष्य जोडत बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले, "पोरी, त्या पेटीतून लिंब आण." मी धावत गेले आणि पेटीशेजारच्या झाडाची कडुलिंबाची डहाळी मोडून आणली. मैदानभर हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "इंग्रजीत धनुष्याच्या पात्याला लिंब म्हणत्यात, तुला कोण सांगणार? आजपासून आपण सगळे पाती म्हणू," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. त्या दिवसानंतर आमच्या मैदानावर तो इंग्रजी शब्द कुणी उच्चारला नाही.

आज सर पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या खेळाडूंविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते माझ्या खांद्याविषयी.

स्पर्धेचे धनुष्य तीन सुट्या भागांचे असते. मधला, मूठ असलेला धातूचा दांडा म्हणजे रायझर. त्याच्या वर आणि खाली एकेक पाते बसते. मी अकरावीत असताना, राज्य संघाच्या निवडीला तीन आठवडे उरले असताना, माझ्या पंचवीस इंची रायझरच्या बोल्टाचे आटे गेले. सरांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून तेवीस इंची रायझर मागून आणला आणि माझीच पाती त्याला बसवली. "तू उंचीनं लहान, हे धनुष्य तुला हलकंच जाईल," असे ते म्हणाले. हातात घेतल्यावर ते खरोखरच हलके वाटले.

पण पहिल्याच दिवशी बाण वर जाऊ लागले. आठवड्याने दोरी हनुवटीखाली आली की हात थरथरायचा. कुणी म्हणाले मी निवडीला घाबरले, कुणी म्हणाले आळस भरला. दहाव्या दिवशी मला वेणी घालण्यासाठी हात वर नेता येईना. केजच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला. स्नायू फाटला असेल तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि खेळ सोडावा लागेल, असे सांगून त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला जायला सांगितले.

निरोप मिळताच माझे वडील सिरसाळ्याहून आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते आडतीवर मापाडी, आयुष्यभर पोत्यांची वजने करीत आलेले. मैदानावर येऊन त्यांनी धनुष्य हातात घेतले.

"सर, ह्याचं वजन किती?"

"ओढायला चौतीस पौंड. पात्यावर लिहिलंय बघा."

"लिवल्यालं असू द्या. आमी गोणीवरचा आकडा खरा धरत न्हाई, काट्यावर घेतो. मोजून काहून बगत न्हाई एकदा?"

दुसऱ्या कुणी मार्गदर्शकाने कदाचित त्यांना चार शब्द सुनावले असते. सरांनी शाळेच्या भांडारातून लटकता काटा मागवला. बाणावर माझ्या खेचीची, म्हणजे मी दोरी जिथवर ओढते तिथली, खूण केली, दोरी काट्याच्या आकड्यात अडकवली आणि त्या खुणेपर्यंत धनुष्य खाली ओढले. पंधरा किलो नऊशे ग्रॅम. मग तीच पाती एका मैत्रिणीच्या पंचवीस इंची रायझरला बसवून पुन्हा ओढले. चौदा किलो सातशे.

सरांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. "रायझर आखूड झाला, पण पोरीची खेच तेवढीच राहिली," ते हळूच म्हणाले. "मग तीच पाती जास्त वाकली. जास्त वाकली म्हणून जास्त ओढ."

"रोज किती बाण मारती ही?" अण्णांनी विचारले.

"दोनशे."

अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. "बाणामागं बाराशे ग्रॅम, म्हंजी रोज जवळजवळ अडीच क्विंटल जास्तीचं ओढलं पोरीनं. लई झालं, सर."

सर खाली मातीतच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे खेळाडू आणि गावात असलेले पालक मैदानावर बोलावले. त्या वेळी त्यांचे वय पासष्टच्या आसपास होते, आणि तालुक्यात त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. सर्वांसमोर हात जोडून ते म्हणाले, "ही पोरगी घाबरली न्हाई आणि आळशीबी न्हाई. आखूड रायझर मी दिला. मोजून बघायला पाहिजे होतं, मी मोजलं न्हाई. चूक माझी हाय." माझ्याविषयी बोलणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. माझ्या खांद्यात कळ होती, पण दहा दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला.

तपासणीला सर आमच्याबरोबर एसटीने आले. दवाखान्यातल्या बाकावर ते सकाळपासून चहाही न घेता बसून होते. दुपारी डॉक्टरांनी आत बोलावले. "स्नायू शाबूत आहे. सूज आहे फक्त. दीड महिना विश्रांती, मग हलक्या धनुष्यापासून सुरुवात करा." मी रडू लागले. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. सर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "अण्णा, आता चहा पिऊ. आणि मला लई भूक लागलीया," ते म्हणाले. आम्ही तिघांनी मिळून किती भजी खाल्ली ते आठवत नाही.

निवड त्या वर्षी हुकली. त्याचे दुःख मला व्हायला हवे होते, पण झाले नाही. पुढच्या वर्षी हलकी पाती घेऊन मी राज्य संघात गेले. आज आष्टीच्या शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. चुकले की मुलांसमोर चुकले म्हणते. पहिल्यांदा ते जड गेले, आता जात नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आता ते ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे. सर घरून निघतात, मैदानावर येतात आणि नव्या मुलांच्या रांगेमागून हळूहळू फेऱ्या मारत त्यांचे कोपर नीट करीत जातात. अर्ध्या तासाचे दोन तास होतात, म्हणून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रागावतात. काकूंना असे रागावण्याचे निमित्त सरांनी अजून खूप खूप वर्षे द्यावे, हीच मनापासून प्रार्थना.