बत्तीस इंचाचा हट्ट

किल्लारीत महादेवी अक्काचं नाव निघालं की बायका आधी आपल्या ब्लाऊजच्या बाहीकडे बघतात. बाही नीट बसलेली असेल तर ती अक्काचीच. भूकंपानंतर वडिलांना जे घर बांधून मिळालं, त्याच्या मागच्या खोलीत ती मशीन घेऊन बसली, त्याला आता पंचवीस-तीस वर्षं होत आली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती माहेरी निघून आली होती. 'बाईच्या जातीनं नमतं घ्यावं' असं समजवायला चार शहाणी माणसं आली, त्यांना तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यानंतर तिच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

अशा बाईनं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एक टीव्ही घ्यायचं मनात आणलं, यात गवगवा करण्यासारखं काय होतं? पण झाला. घरात टीव्ही नव्हता असं नाही. पुढच्या खोलीत धाकट्या भावाचा, मल्लिनाथचा होता. तो बघायचा म्हणजे उंबऱ्याशी बसायचं, भावजय उमादेवी लावील ते बघायचं, आणि गोष्ट रंगात आली की ऐकायचं, अक्का, जरा कुकर बंद करता का. अर्धी गोष्ट कुकरातच जायची. शिवाय अक्काला आवडते कबड्डी. शाळेत असताना ती चढाईला गेली की समोरच्या पोरी मागं सरायच्या. संध्याकाळी कबड्डीचे सामने लागतात हे तिला ठाऊक होतं, पण उमादेवीच्या मते ती उघड्या मांड्यांची माणसं घरात बघण्यासारखी नव्हती.

उमादेवीनं आधी विचारलं की पुढचा टीव्ही काय कुलपात ठेवलाय का. मग म्हणाली, हल्ली मोबाइलवर सगळं दिसतं. अक्का म्हणाली, मोबाइल हातात धरला तर सुई कोण धरंल. मग गल्लीतले तज्ज्ञ पुढं सरसावले. ज्यांनी आयुष्यात रिमोटचे सेल स्वतः बदलले नाहीत, तेही सांगू लागले की स्वस्तातला टीव्ही म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. घ्यायचा तर मोठ्या कंपनीचा घ्या, नाहीतर घेऊच नका. गरिबाला सल्ला देताना माणसाचा हात फार मोकळा सुटतो.

अक्कानं सल्ले ऐकले नाहीत. ती माल बघायला गेली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नागम्मानं दीड वर्षापूर्वी कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीचा बत्तीस इंची घेतला होता. कापड बघावं तसा अक्कानं तो बघितला, पुढून, मागून, बाजूनं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. चालू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात ब्लाऊजला दोन हुक लावून होतील. आणि बाजूला बसलं की माणसांचे चेहरे पांढरट पडत. नागम्मा सरळ बाई, तिनं काही झाकून ठेवलं नाही.

"चार जण बसले तर दोघांलाच नीट दिसतंय बघा, अक्का."

"मी एकटीच बसणार हाय," अक्का म्हणाली. "ते बी समोर."

हे बोलताना तिला वाईट वाटलं नाही असं नाही. क्षणभर वाटलंच. पण वाईट वाटून घेतल्यानं कबड्डी दिसत नाही, म्हणून तिनं तो विषय तिथंच सोडला. आवाजाचं म्हणाल तर मशीन चालू असलं की चांगल्या टीव्हीचा आवाजही मेलाच. तिचा हिशोब साफ होता. जे दोष होते ते एकट्या बाईला बाधणारे नव्हते.

आणि तेवढ्यात मल्लिनाथनं गोष्टच फिरवली. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, चार माणसांत ऊठबस आहे. पाहुणे बसले असताना तो म्हणाला, अक्कानं असलं डबडं कशाला घ्यावं, मी आहे ना, त्रेचाळीस इंची घेऊन देतो, मोठ्या कंपनीचा. पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज न्यायला आलेली प्रत्येक बाई म्हणू लागली की भाऊ असावा तर असा. खोटं कशाला बोला, अक्कालाही भरून आलं. इतक्या वर्षांत भावानं तिच्यासाठी म्हणून काही आणलं नव्हतं. त्या आनंदात तिनं निळ्या साटिनचं एक कव्हर शिवलं, खाली झालर लावून. रुंदीला त्रेचाळीस अधिक शिलाईचा एक, उंचीला अंदाजानं. बसमधून आणताना टीव्हीवर धूळ बसायला नको.

सोमवारी बहीण-भाऊ लातूरला निघाले. बस औशाच्या पुढं गेल्यावर मल्लिनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला, येताना औशात दोन मिनिटं उतरू, कचेरीत एक सही राहिलीय तुझी. अक्कानं विचारलं, कसली. तो म्हणाला, काही नाही गं, कागद साफ करायचेत. मांडीवरच्या पिशवीतलं कव्हर तिला एकाएकी जड वाटू लागलं.

लातुरात गंजगोलाईच्या बाजाराजवळ शिवप्रसादचं टीव्हीचं दुकान. मल्लिनाथचा ओळखीचा माणूस. त्यानं चहा मागवला, भिंतीवरचा त्रेचाळीस इंची टीव्ही दाखवला, पाणी, मासे, फुलं, सगळं त्यात चमकत होतं. अक्कानं पिशवीतून कव्हर काढलं आणि टीव्हीवर चढवलं. ते दोन्ही बाजूंनी लोंबायला लागलं. दिवाळीला थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तशी त्या टीव्हीची गत झाली.

शिलाई चुकली म्हणावं तर तीस वर्षांत अक्काची रुंदी चुकली नव्हती. तिनं गळ्यातला टेप काढला. कामाला बसताना गळ्यात टाकलेला टेप ती बाहेर जातानाही काढत नाही, पदराखाली असतो. तिनं टीव्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजला. साडेसदतीस भरला.

"हा त्रेचाळीस न्हाई," ती म्हणाली. "पाच-सहा इंच खाल्ले तुमी. मापात पाप करू नये."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. शिवप्रसाद आधी गोंधळला आणि मग खो खो हसला. त्यानं समजावून सांगितलं की मावशी, टीव्ही असा आडवा मोजत नाहीत, तिरपा मोजतात, वरच्या या कोपऱ्यापासून खालच्या त्या कोपऱ्यापर्यंत. सगळेच हसले. मल्लिनाथही हसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, अक्का, माझी लाज काढू नको.

अक्काचे कान तापले. जिला तालुक्यातल्या बायका मापासाठी शोधत येतात, तिला माप कळत नाही म्हणून माणसं हसत होती. पण ती हटली नाही. कापड तिरपं मोजून विकलं असतं तर गिऱ्हाइकानं जोड्यानं हाणलं असतं, असं म्हणत तिनं टेप तिरपा धरला. काच वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत साडेबेचाळीस भरली. मग तिनं त्या टीव्हीचा खाली ठेवलेला खोका वळवून घेतला. त्यावर बारीक अक्षरात एकशे आठ सेंटीमीटर लिहिलं होतं. तिनं टेपची दुसरी बाजू लावली. एकशे आठ बरोबर.

"तिरपं मोजलं तरी अर्धा इंच कमीच हाय," ती म्हणाली. "बोलताना त्रेचाळीस, लिवताना एकशे आठ. बरोबर का?"

शिवप्रसादचं हसू आटलं. तो म्हणाला, मावशी, सगळीकडं असंच चालतं, बोलायला सोपं म्हणून. एका गिऱ्हाइकानं हातातल्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला चष्मा काढला. अक्काला आता त्या अर्ध्या इंचाचं काही पडलं नव्हतं. बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, हे ऐकून तिच्या डोक्यात बसमधलं वाक्य उभं राहिलं होतं. ती भावाकडं वळली.

"मल्लिनाथ, औशाच्या कागदावर काय लिवलंय?"

तो म्हणाला, घरी बोलू. ती म्हणाली, इथंच बोल. तो इकडंतिकडं बघत एकदाचा म्हणाला, "हक्कसोड हाय. घरावरचा नि रानावरचा. सगळ्याच बहिणी देतेत. तुला काय मी भाईर काढणार हाय का?"

हक्कसोड. अक्कानं हा शब्द जितका ऐकला होता तितका गावात वकिलानंही ऐकला नसेल. बहिणीनं बापाच्या घरादारावरचा हक्क सोडून सही दिली की भाऊ तिला साडीचोळी करतो, आणि ती चोळी शिवायला अक्काकडे येते. वर्षाला तीन-चार तरी. बाई खोलीत येऊन कापड पुढं टाकायची, 'भावानं केली' म्हणायची आणि कुणी काही विचारलेलं नसताना हसायची. कापड नेहमी पातळ, अस्तराशिवाय न टिकणारं. त्या बायका गेल्यावर अक्काला दर वेळी राग यायचा, आणि दर वेळी ती म्हणायची, आपल्याला काय करायचंय. आज करायचं होतं.

"साडीचोळीवर सही घेतलेले भाऊ मी लई बघितले," ती म्हणाली. "टीव्हीवर घेणारा तू पहिलाच."

दुकानात कुणी हसलं नाही. मल्लिनाथचा चेहरा उतरला, मग लाल झाला. मी तुला इतकी वर्षं सांभाळलं, असं काहीतरी तो बोलू लागला. अक्कानं त्याला अडवलं नाही. तिनं आपल्या पैशानं भरलेलं ज्वारीचं पोतं, आपल्या खोलीचं वेगळं विजेचं मीटर, बापाच्या आजारपणात काढलेली दोन वर्षं मनात आठवली आणि गिळून टाकली. बाजारात भावंडांनी भांडू नये एवढं तिला कळत होतं. ती शिवप्रसादला म्हणाली, तो कोपऱ्यातला बत्तीसवाला दाखवा.

शिवप्रसाद धंद्याचा माणूस, पण त्या घटकेला खरं बोलला. "मावशी, त्याला एकाच वर्षाची गॅरंटी हाय. तुमचं तुमी बघा."

"असू द्या की एका वर्षाची," अक्का म्हणाली. "ह्या फुकटच्याला तर औशापत्तूरची बी न्हाई."

तिनं बटव्यातून स्वतःचे पैसे दिले, पावती स्वतःच्या नावावर घेतली, आणि खोक्याला निळं कव्हर गुंडाळून सुतळी बांधली. परतताना औसा आलं तेव्हा मल्लिनाथ उठून उभा राहिला. एकदाच म्हणाला, उतर अक्का. त्या आवाजात दरडावणी होती की विनवणी हे तिला कळलं नाही. लहानपणी याच आवाजाला ती धावत जायची आणि त्याला कडेवर घ्यायची. पण तिनं गुडघ्यांत धरलेला खोका सोडला नाही. बस सुटली. मल्लिनाथ तिच्या शेजारी न बसता पुढं जाऊन बसला.

पुढचे दोन दिवस घरात बोलाचाल बंद. उमादेवीनं पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. गल्लीत भाऊ असावा तर असा म्हणणाऱ्या बायकाच आता म्हणू लागल्या की एवढ्याशा टीव्हीपायी कुणी रक्ताचं नातं तोडतं का. अक्का घाबरली नव्हती असं मुळीच नाही. भाऊ खरंच म्हणाला, निघ, तर मशीन घेऊन कुठं जायचं, हा विचार तिला शिवताना मध्येच गाठायचा आणि टाका वाकडा जायचा. ती तो उसवायची आणि पुन्हा घालायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बसवायला संगप्पा आला. किल्लारीत सगळ्यांची फिटिंगं तोच करतो, पन्नाशीचा, शांत माणूस. भूकंपाच्या घरांच्या भिंतींना हात लावायचा तर इथली माणसं अजूनही दोनदा विचार करतात. त्यानं ड्रिल हातात घेतलं, पण लावलं नाही. उमादेवी दारात येऊन म्हणाली, पेटीवर ठेवा की, भिंत कशाला खराब करता. मल्लिनाथ अंगणात उभा होता. दुकानाला जायची वेळ टळून गेली तरी तो गेला नव्हता.

संगप्पानं खिडकीतून त्याच्याकडं बघितलं. "मालक, पाडू का भोक?"

मल्लिनाथनं संगप्पाकडं न बघता खोलीच्या दाराकडं नजर लावली. अक्कानं येऊन आपल्याला विचारावं, याची तो वाट बघत होता. ते तिलाही कळलं. एकदा विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि मग जन्मभर प्रत्येक खिळ्याला विचारावं लागलं असतं.

अक्का मशीनवरून उठली. कापडावर खुणा करायच्या खडूनं तिनं भिंतीवर चार फुल्या केल्या, टेप लावून, सरळ.

"त्याला काय इचारतोस, संगप्पा," ती म्हणाली. "बाप दोघांचा व्हता. पाड."

ड्रिल सुरू झालं. त्या आवाजात अंगणातून मल्लिनाथ काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते अक्काला ऐकू आलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.