लॅपटॉपचं झबलं

थोरलीला आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. महिनाभर तिचा लॅपटॉप ऐन कामात तापायचा, पंखा घरघरायचा आणि गपकन सगळा काळोख. समोर ऑफिसची मीटिंग आणि बाई अर्ध्या वाक्यात गायब! साहेबांनी शेवटचं बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात हजर व्हायचं. मग आप्पांकडे कोण बघणार? आप्पा म्हणजे तिचे वडील. जन्म शिलाई मशीनवर गेला. आता हात इतके कापतात की कप धरायलाही माणूस लागतो. म्हणून ती त्यांच्या खाटेशी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊनच काम करायची. धाकटा भाऊ फोनवर 'काळजी घ्या' म्हणून मोकळा. ती घ्यायची कुणी, हे काही तो सांगत नाही.

दुकानात मात्र हे यंत्र अगदी शहाण्या बाळासारखं वागायचं. दुरुस्तीवाल्याने पंखा साफ केला, आतली उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट बदलली, दिवसभर चालू ठेवून पाहिला. काही नाही. घरी आणला की पुन्हा तेच रडगाणं. शेवटी तोही वैतागला.

"ताई, घरी जसा वापरता तसाच्या तसा आणा. काही पुसूबिसू नका."

तिने तसाच नेला. त्याने पिशवीतून काढला आणि बघतच राहिला. लॅपटॉपच्या खालच्या अंगाला जाड लोकरी कापडाचं झबलं, कडेला इलॅस्टिक, कोपऱ्यात गुंडी.

"हे काय?"

"वडिलांनी शिवलंय. मांडीला चटके बसतात म्हणाले होते मी. इथे मळेल म्हणून दर वेळी मीच ते काढून ठेवून यायचे."

तो हसणार होता, पण हसला नाही. "हवा आत जायच्या फटी खालीच असतात हो," एवढंच म्हणाला.

परतताना तिला आधी आप्पांचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग नुसतंच रडू आलं. त्या हातांनी एवढं एकच काम केलं होतं वर्षभरात.

घरी तिने सरळ सांगून टाकलं. आडवळणाने सांगायला अंगात बळच नव्हतं. आप्पांनी झबलं हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"फटी कुठे आहेत त्या खडूने दाखव," ते म्हणाले.

तिने खुणा केल्या. कात्री थरथरायला लागली तशी तिने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून कापडाला खिडक्या पाडल्या. दोरे सुटू नयेत म्हणून आप्पांनी कडा काजासारख्या भरल्या. टाके वाकडेतिकडे आले. उमेदीच्या काळात कारागिराने असे घातले असते तर त्यांनी उसवायला लावले असते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग शेवटपर्यंत पार पडली. आप्पांनी खाटेवरून हात लांबवून लॅपटॉपखाली धरला. खिडक्यांतून गरम तळ हाताला लागला तसे ते हिरमुसले.

"म्हणजे तुला परत चटके बसणार."

"बसू देत, आप्पा," ती म्हणाली. "इथंच आहे ना मी."