पिलांवरची मरळ

डोळा लागतो आहे की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. दुपारचे सव्वातीन झालेत, जेवण अंगावर आलंय, आणि मी घरीच चटईवर आडवी झालेय, पोटावर ऑफिसचा टेस्टिंगचा फोन ठेवून. फोनमध्ये आमचा गेम चालू आहे. मासे धरायचा गेम. संध्याकाळी सहाला तो सगळ्यांसाठी खुला व्हायचाय. त्यातलं पाणी डुबुक डुबुक वाजतं, तो आवाज मीच रेकॉर्ड केलेला, बादलीत तांब्या बुडवून. पण आता त्यात बादली ऐकू येत नाही. काठ ऐकू येतो.

"वैजू, पाय वर घे," कुणीतरी म्हणतं. "भिजतील."

मी पाय वर घेते. अण्णांचं ऐकायची सवय चौदा महिन्यांत जात नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, केरबा परचंडे. आम्ही भोई. धरणाच्या फुगवट्यावर अण्णांनी चाळीस वर्षं मासे धरले. मी चार वर्षांची असताना आई गेली, मग त्यांनीच मला होडीत बसवून वाढवलं. आता ते माझ्या ऑफिसात, माझ्या खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून बसलेत. अंगात तोच नेहमीचा बनियन आणि त्यातून पाणी गळतंय. खुर्चीखालच्या गालिच्यावर काळा डाग पसरत चाललाय आणि माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आमचा टीम लीडर निमिष चिडणार. मेलेला बाप समोर आलाय आणि मला गालिच्याची पडलीय. मी अशीच आहे.

आनंद होतो, हेही सांगायला हवं. खूप होतो. भीती नंतर येते.

"अण्णा, इकडं बघा की."

ते बघत नाहीत. "हे काय केलंस, ते दाव आधी," म्हणतात.

समोरच्या स्क्रीनवर मरळ आहे. दोन हात लांब, काळपट, सापाच्या डोक्याची, समोर येईल ते गिळणारी. आमच्या गेममध्ये एकशे बारा मासे धरता येतात आणि ही सगळ्यांत अवघड. कुठलंच आमिष ती घेत नाही. तिला धरायची एकच युक्ती: पाण्यावर तिच्या लाल पिलांचा पुंजका दिसला की नेमकी त्यात बेडकी टाकायची. मग मरळ भुकेनं नाही, रागानं वर येते आणि गळाला लागते. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा निमिषला खरं वाटेना. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशातला माणूस तो. मग मी बाप दाखवला. म्हटलं, माझ्या वडिलांनी शिकवलंय हे, त्यांचं आयुष्य गेलं पाण्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गेममध्ये त्या युक्तीचं नाव 'केरबांची युक्ती'. मरळ धरली की सोनेरी अक्षरांत पडद्यावर येतं.

अण्णा त्या अक्षरांवर बोट ठेवतात. जिवंतपणी त्यांना वाचता येत नव्हतं. इथं येतं.

"हे माझं नाव हाय."

"हो. तुमची आठवण म्हणून."

"मी कवा धरली पिलांवरची मरळ?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडते, तर खुर्ची म्हणजे पालथी घातलेली होडी आहे, गालिचा म्हणजे गाळ आहे, आणि छताचे दिवे पाण्यात खाली कुठंतरी पेटलेत. आम्ही बाभळीखालच्या त्या जागेवर बसलोय. ही जागा मी वीस वर्षांत एकदाही आठवलेली नाही, पण ती जशीच्या तशी आहे.

मी नऊ वर्षांची होते. आमच्या वस्तीत पिलांवरची मरळ कुणी धरत नसे, चूल पेटली नाही तरी चालेल. अण्णा त्या दिवशी जाळ्याला शिसं आणायला गेले होते आणि मला पुंजका कुठं आहे ते ठाऊक होतं. मी त्यांचा तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, घेतला, बेडकी लावली आणि टाकली. मरळीनं मला जवळजवळ पाण्यात ओढलं होतं. मी ती फरफटत घरी नेली, शाबासकी मिळेल म्हणून. अण्णांनी हात उगारला नाही. हाताला धरून मला परत इथं आणलं आणि बसवलं. काडेपेटीतल्या काडीएवढी ती पिलं त्याच जागी गोल गोल फिरत होती. मग चिलापी मासे आले, एकेक करून त्यांना खाऊ लागले. मी दोनदा उठले, दोनदा त्यांनी मला खाली बसवलं. दिवेलागणीला पाणी रिकामं झालं, तेव्हा म्हणाले, चल. पुढं आयुष्यभर त्यांनी हा विषय काढला नाही, मीही नाही. मी तो काढला थेट ऑफिसात, आणि त्यांच्या नावावर खपवला.

"अण्णा, चुकलं माझं."

ते ऐकलं न ऐकलं करतात. त्यांच्या पाठीवरून पाणी गळतंच आहे, आणि ते अंग वाळायचं नाही हे आता माझ्या लक्षात येतं. इथं मला पहिल्यांदा भीती वाटते.

"तुझ्या ह्या खेळात," ते म्हणतात, "मरळ धरल्यावर पिलं कुठं जातात?"

"कुठंच नाही. आम्ही ती पुसून टाकतो. मासा मिळाला की त्यांचं काम संपतं."

हे वाक्य ऑफिसात मी कितीदा बोललेय. इथं ते पाण्यावर पडतं आणि बुडत नाही.

पिलं आली आहेत. माझ्या घोट्यांभोवती लाल लाल फिरताहेत, त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. मी पाय हलवत नाही.

"ती त्यांची आई होती का, अण्णा?" तेव्हा विचारायचं राहिलेलं मी आता विचारते.

"बाप हुता. मरळीत पिलांवर नर ऱ्हातो."

मला हे माहीत होतं. मासा तयार करताना मी वाचलं होतं आणि पुढच्या कामाला लागले होते. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला रडू फुटतं. लहानपणी फुटायला हवं होतं ते.

अण्णा उठतात आणि पाण्यात शिरतात. गुडघ्याएवढं, मग कंबरेएवढं. पाठ अजून माझ्याकडेच. माझ्या पहिल्या बोटाला काहीतरी आवळतं. खाली बघते तर बोटाभोवती तंगूस गुंडाळलेला आहे, आम्ही हातानं गळ धरताना गुंडाळतो तसा, आणि त्याचं दुसरं टोक अण्णांबरोबर चाललंय. ते एक पाऊल टाकतात, तंगूस ताठतो. गळाला काय लागलंय हे मला कळतं.

मला ओढता येईल. ओढलं तर ते वळतील आणि त्यांचं तोंड दिसेल. चौदा महिने मला त्याशिवाय दुसरं काही नको होतं. पण गळ असतो तोंडातच, आणि ते तोंड मला बघवणार नाही.

"नाव काढून टाकू का तुमचं?" मी मागून विचारते.

"ऱ्हाऊ दे," पाणी त्यांच्या खांद्याला लागलंय. "माझ्याच तंगुसानं धरलीस. नाव ऱ्हाऊ दे. पिलं पुसू नगंस."

मी बोट सरळ करते. तंगूस सुटतो.

चटई. पंखा. पाच वाजायला दहा मिनिटं. गेममधलं पाणी पुन्हा बादलीतलं झालंय.

इतक्या ऐनवेळी कोडला हात लावायचा नसतो, हे टीममधल्या नव्या मुलींना मीच शिकवते. मी लॅपटॉप उघडते आणि पिलं पुसणारी ओळ शोधते. एकच ओळ आहे, माझ्याच हातची. ती काढून टाकते. नवीन काही लिहावं लागत नाही. मोठ्या माशांनी लहान मासे खायचे, हे गेममध्ये आधीपासून लिहिलेलंच आहे.

साडेपाचला निमिषचा फोन येतो. मरळ धरली, नाव आलं, पण पिलं तशीच फिरताहेत, मग दुसरे मासे येऊन खाताहेत, हा बग आहे, असं तो म्हणतो. मी म्हणते, बग नाही.

"मग खेळणाऱ्यानं तिथं करायचं काय?"

"बसायचं. पाणी रिकामं होईपर्यंत."

त्याच्या फोनमधून ते पाणी मला ऐकू येत राहतं.

"हेही तुझ्या वडिलांनीच शिकवलं?" तो विचारतो.

"हो," मी म्हणते. "हे त्यांनी शिकवलं."

फोन खाली ठेवताना बोट दुखतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, पेराच्या खाली, सगळीकडून बारीक वळ आहे, खोल, काळानिळा. चोळला तरी जात नाही. घरात तंगूस नाही. अण्णांचं रीळ मी स्वतः त्यांच्या चितेवर ठेवलं होतं.