लेखी आदेश दाखवा

माझी फजिती मीच सांगून टाकतो. घोडेगावच्या बाजारात ती पाहिलेली माणसं फार वाढवून सांगतात हो.

मी निवृत्त शिक्षक. सरकारी माणसानं एक कागद मागितला की मी चार देतो. आमच्या हिला त्याचा भारी राग. गुडघ्यांमुळे धार काढणं जमेना, म्हणून म्हैस विकायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "जनावराच्या कानात बिल्ला हवा हा नियम आहे, तो आपण पाळलाय. त्यापुढं कुणी काही विचारलं तर निमूट सांगत बसू नका. कुठल्या नियमानं विचारता, ते विचारा."

शेजारच्या पोपटरावांचीही म्हैस विकायची होती. एकाच टेम्पोत आलो. फाटकावरच्या माणसानं बिल्ले पाहिले आणि सोडलं. मला जरा चुकल्यासारखंच झालं. एवढी तयारी केलेली.

आत म्हैस बांधतोय तोच खाकी शर्टातला एक जण आला. खिशाला पेन, हातात डायरी. त्यानं थेट म्हशीचा कान धरला, बिल्ल्याचा नंबर उतरवला आणि विचारलं, "कितव्या येताची हाय, किती येळा व्यालीय? दूध किती देती? लसीचा कागद हाय का?"

झालं. माझ्यातला नागरिक जागा झाला.

"हे विचारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"आं?"

"लेखी आदेश दाखवा. त्याशिवाय म्हैस किती दूध देते हे मी सांगणार नाही."

भोवती माणसं जमली. मागून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय गुरुजींचं." मग मला कोण आवरणार? नागरिकांचे हक्क, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, सगळं शिकवलं. तो बिचारा शेवटपर्यंत उभा राहिला.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा हळूच म्हणाला, "गुरुजी, मी सरकारी न्हाई. मला म्हैस घ्यायची हुती."

गर्दी हसतहसत पांगली. त्या माणसानं शेजारी पोपटरावांकडं वळून तेच प्रश्न विचारले. पोपटरावांनी सगळी उत्तरं दिली, वर चहा पाजला. अर्ध्या तासात त्यांची म्हैस गेली. माझ्या म्हशीकडं दिवसभर कुणी फिरकलं नाही. कान धरायचीच लोकांना भीती वाटत असावी.

परत येताना टेम्पोत मी, माझी म्हैस आणि पोपटराव. मग पोपटराव म्हणाले, "गुरुजी, पुढल्या म्हयन्यात मला गाय इकायचीय. तुमी याल ना संगं?"