रोड्सच्या बंदरात मी दोनदा जहाजावर चढलो

मी टाइल्स विकतो. मेलबर्नजवळ वेरिबीत माझं दुकान आहे. सुरुवात ऑफिसं झाडण्यापासून केली आणि पंचवीस वर्षांत मला गंडवणारा माणूस फारसा भेटलेला नाही. या फोरमवरचे अनुभव माझी बायको वाचते, मी नाही. लिहिणाऱ्याला दोन उलट प्रश्न विचारले की यातले निम्मे गळून पडतील, असं मी तिला नेहमी म्हणायचो. आता माझाच लिहितोय. तुम्हीही प्रश्न विचारा... मी ते सगळे स्वतःला विचारून बसलोय.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी आणि वर्षा भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गेलो. अथेन्सहून निघून दहा दिवस – आधी ग्रीसची बेटं, मग माल्टा, सिसिली आणि शेवट बार्सिलोना. बाल्कनीची केबिन मी आतल्या केबिनच्या भावात मिळवली होती. नंतर एजंटने माझे फोन उचलणं सोडलं, तो भाग वेगळा. पहिले तीन दिवस झकास गेले. सकाळी नवं बंदर, दुपारी डेकवर लोळायचं, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसायचं. वर्षा म्हणाली, "तुम्ही एवढा वेळ कुणाशी न भांडता बसलेले मी पहिल्यांदा बघतेय."

चौथ्या दिवशी रोड्स. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं, परत चढायची वेळ साडेपाच. जुन्या शहराची तटबंदी बंदराला लागूनच आहे. आत दगडगोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना चामड्याची दुकानं. एका पर्सवर माझी घासाघीस चालली होती, म्हातारा दुकानदार दर वाक्याला 'माय फ्रेंड' म्हणत होता, तेवढ्यात वर्षाच्या फोनवर कराडहून वहिनीचा मेसेज आला.

इथे मागचं सांगायला हवं. दादा, माझा थोरला भाऊ, कराडला असतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा त्याने माझी वाट बघितली नाही. मी मेलबर्नहून मिळेल त्या विमानाने निघालो होतो. सिंगापूरला उतरून फोन लावला तर सगळं उरकलेलं. मे महिना होता, लोक खोळंबले होते, भटजींनी सांगितलं... त्याची कारणं मी ऐकली आहेत. शवपेटी मिळते, बर्फ मिळतो. एक दिवस थांबायचं होतं, फक्त एक. मी पोचलो तेव्हा कृष्णेच्या घाटावर अस्थी गोळा करायचं काम तेवढं उरलं होतं. त्या दिवसापासून मी दादाशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याने केलं ते चूकच होतं, असं मला आजही वाटतं.

मेसेज असा होता की दादाची बायपास परवा पुण्यात आहे आणि तो सारखा माझं नाव काढतोय.

"अहो, दोन मिनिटं बोला ना," वर्षा म्हणाली.

"त्याला आईसाठी एक दिवस थांबता आलं नाही. मी कशाला घाई करू?"

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर उरकून घेतील. सवय आहे त्यांना."

हे मी बोललो. दुकानदारासमोर, मोठ्याने. वर्षाने पर्स काउंटरवर ठेवली. "तुमच्याशी बोलायचं तर माणसाने गिऱ्हाईकच व्हायला हवं," ती म्हणाली आणि एकटीच जहाजाकडे निघाली. तेव्हा साडेबारा झाले होते.

मी मागे गेलो नाही. पालक भरलेली एक पेस्ट्री घेतली आणि जुन्या छोट्या बंदराच्या बांधावर, जिथे तीन पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे सावलीत जाऊन बसलो. समोर पाण्यापलीकडे आमचं जहाज दिसत होतं. आमची बाल्कनी ओळखता येत होती, कारण वर्षाने सकाळी कठड्याला तिची पिवळी ओढणी वाळत घातली होती. नारिंगी लाइफबोटींच्या वरची दुसरी रांग. तिथे दोघं बसलेली दिसत होती. एक बाई आणि एक पुरुष. पुरुषाचा कोपर वर उचललेला, कानाशी फोन धरल्यासारखा.

मी पुन्हा रांगा मोजल्या. फोनचा कॅमेरा झूम करून बघितला तर नुसते ठिपके. शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी असेल, पिवळं काहीतरी त्यांचंही असेल, असं म्हणून पेस्ट्री संपवली. तरी उठताना मी पुन्हा एकदा त्या बाल्कनीकडे बघितलंच.

पावणेपाचला परत गेलो. जहाजात चढताना दारात आपलं कार्ड मशिनला लावायचं असतं. टिंग वाजतं आणि स्क्रीनवर आपला फोटो येतो. या वेळी टिंग वाजलं नाही, घोगरा आवाज आला. ड्यूटीवरची मुलगी स्क्रीनकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली.

"सर, तुम्ही आधीच आत आहात. एक वाजून चौदा मिनिटांनी आलात."

माझं कार्ड दिवसभर माझ्या खिशात होतं. मी काय केलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. मॅनेजर आला, सिस्टीमचा गोंधळ म्हणाला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवायला त्याने नकार दिला, म्हणून वरच्या महागड्या रेस्टॉरंटमधलं जेवण फुकट घेऊनच मी तिथून हललो. वर्षाचा राग जाईल, हाही हिशेब होता.

केबिनचं दार उघडलं. वर्षाचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा असा होता की मी दारातच थांबलो. इतकी मोकळी ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"चहा आणायला गेलात आणि दोन तास?" ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून जरा थांबली. "बूट कधी घातलेत?"

धंद्यात हे शिकलोय, समजत नसेल तेव्हा समोरच्याला बोलू द्यायचं. ती बोलत गेली. सव्वा वाजता मी आलो म्हणे. बूट दारात काढले. "वर्षा, तुझा फोन दे," म्हणालो, बाल्कनीत बसून आपणहून दादाला फोन लावला आणि बोलता बोलता रडलो.

तिचा फोन हातात घेऊन बघितलं. दादाला कॉल, एक बावीसला. त्रेचाळीस मिनिटं.

माझ्या डोक्यात लगेच आलं – हा डाव आहे. वहिनीने आणि हिने मिळून ठरवलंय, मला लाजेकाजेस्तव बोलायला लावायचं. त्रेचाळीस मिनिटं तर ती स्वतःही बोलू शकते. दादाला रंगेहाथ पकडायचं ठरवून मी तिथल्या तिथे फोन लावला.

"बाळ्या? अरे, मघाशीच तर बोललो." आवाज थकलेला, पण खुशीत.

"काय बोललो ते सांग बघू."

"परीक्षा घेतोस होय माझी?" तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "आईच्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस रे. तू बघूनही उचलला नाहीस, हे तिला कुठे माहीत होतं? गर्दी असेल दुकानात, एवढंच वाटलं असेल तिला."

मी पलंगावर बसलो.

आई पहाटे गेली. त्याच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला होता. एक गिऱ्हाईक पूर्ण घराच्या टाइल्सचा भाव करत होतं आणि सौदा आता तुटणार, अशा टोकाला आला होता. स्क्रीनवर तिचं नाव बघितलं आणि मी फोन काउंटरवर पालथा घातला. नंतर करू म्हटलं, आणि विसरलो. ती गेल्याचं कळल्यावर तो मिस्ड कॉल मी पुसून टाकला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वर्षालाही नाही. सहा वर्षं बोलायला दादाची चूक होती, ती मला पुरत होती.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच की. किती रडलास." दादा म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. परवा आता निवांतपणे आडवा होईन टेबलावर."

'तो मी नव्हतो' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या नावाने दुसऱ्या कुणी बोलणी केलेली मी आयुष्यात चालवून घेतलेली नाहीत. शब्द अगदी ओठांवर होते. समोर वर्षा उभी होती, आणि फोनमध्ये दादाचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा.

"हो दादा," मी म्हणालो. "मीच सांगितलं."

ऑपरेशन नीट झालं. आमच्या प्रवासाचे उरलेले दिवसही गेले. बार्सिलोनाला शेवटचं उतरताना मशिनने व्यवस्थित टिंग केलं, तरी माझ्या मागे रांगेत कोण उभं आहे ते मी वळून बघितलं.

वर्षाला खरं सांगायला मला फेब्रुवारी उजाडला. रविवारी दुपारी ती किचनमध्ये कणीक मळत होती. मी आईच्या फोनपासून सगळं सांगितलं. तिने मध्येच अडवलं नाही.

"तुम्ही बूट घालून दारात उभे राहिलात तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "चहा आणायला जाताना म्हणालात, मी आता चिडून परत येईन, तेव्हा वाद घालू नकोस. असं सांगून कोण चिडतं?"

"मग इतके महिने बोलली नाहीस? भीती नाही वाटली तुला?"

"त्याची नाही," ती म्हणाली आणि कणकेला तेलाचा हात लावला.

मशिन बिघडतं, हे मी मान्य करतो. लांबून बाल्कनी चुकते, तेही मान्य. बाकीचं मला जुळवता आलेलं नाही, कुणाला जुळलं तर लिहा. दादा आता बरा आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि मी जपून बोलतो. त्रेचाळीस मिनिटांतलं मला चार-पाच मिनिटांचंच माहीत आहे. बाकीच्या वेळात मी त्याला आणखी काय काय सांगितलंय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.