बर्फखान्याचं दार

"काकी, सही करा, म्हणजे विषय मिटला."

"विषय तुझा, सही मी कशाला करू?"

"माझा नाय, गावाचा हाय. आवाज होतो."

"कसला आवाज?"

"गाण्याचा! त्या गिटारीचा! आनि बायकांचा!"

"बायकांचा आवाज होतो म्हणून अर्ज? मग गावातल्या एकूण एक घरावर कर की! तुझ्या घरापासून सुरुवात कर!"

आत बसलेल्या बायका हसल्या. बाळूचे कान लाल झाले.

बाळू म्हणजे बाळाराम, आमच्या गाव मंडळाचा अध्यक्ष. पंचावन्न वर्षांचा बाप्या आहे, पण त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी त्याला बघते आहे, त्यामुळे माझ्यासाठी तो बाळूच. रविवारी दुपारी साडेतीन वाजता तो आमच्या बर्फखान्याच्या दारात उभा होता. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, पाठीने दार रेटून धरलेलं आणि हातात टाइप केलेला कागद. कागदावर काय, तर 'मी इंदूबाई, बर्फखान्यातील गाण्याचे कार्यक्रम आजपासून कायमचे बंद करीत आहे.' खाली माझ्या सहीला जागा. इमारत माझी, पण खालची जमीन गावाची. सही केली नाही तर उद्या ग्रामसभेत ठराव आणि परवा दाराला कुलूप.

"आधी सगळं वाचून दाखवतो. पाच मुद्दे हायत," बाळू म्हणाला आणि खिशात चष्मा शोधायला लागला.

त्याला शोधू दे. तोवर तुम्हाला सांगते.

असले किस्से साठवायला वेगळं काही करावं लागत नाही. पूर्वी इथे मासळी भरायचो ना, एक थर बर्फ, एक थर बांगडा, वर परत बर्फ, तसेच ते आपोआप रचले जातात. दार उघडलं की वरचा थर आधी हाताला लागतो. आणि माझं तोंड म्हणजे काय, उघडंच असतं!

*

बुरोंडीत किनाऱ्याच्या वरच्या अंगाला आमचा बर्फाचा कारखाना. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, विकून टाक. मी चौथी शिकलेली. मशीनला कंप्रेसर म्हणतात एवढंच ठाऊक.

मशीन बिघडलं की रत्नागिरीहून मेकॅनिक यायचा. मी जवळ गेले की म्हणायचा, "बाई, हात लावू नका. तुमचं काम नाही ते."

नाही लावला. तीन वेळा नुसती उभी राहून बघितलं आणि ऐकलं. मशीन चांगलं असताना कसं घुमतं आणि आजारी पडलं की कसं कण्हतं, ते कानात बसवलं. चौथ्या वेळी मेकॅनिक आला तेव्हा मशीन धडधड चालू!

"कोणी केलं?"

म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं तसंच. हात न लावता झालं!"

*

पुढे बंदरावर नवा मोठा प्लांट आला आणि आमचा कारखाना बंद पडला. मशीन भंगारात गेलं. राहिली ती दीड हात जाड भिंतींची रिकामी खोली. भिंतींच्या पोटात भाताचं तूस ठासून भरलेलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. दारही तसलंच, पत्र्याचं, आत बुचाचा थर. लावायला खांदा द्यावा लागतो.

तिथे एक दिवस आला मिलिंद. अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीत वाढलेला, मुंबईत नोकरी करून कंटाळलेला, चाळिशीचा माणूस. पाठीला गिटार. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकली आणि म्हणाला, "मावशी, ही खोली मला गाण्यासाठी द्या."

"कसलं गाणं?"

"ब्लूज."

"म्हणजे?"

त्याने बसून वाजवून दाखवलं. मग समजावलं. पहिली ओळ म्हणायची. तीच ओळ परत म्हणायची. तिसऱ्या ओळीत जबाब द्यायचा. मध्ये मध्ये गिटार बोलते.

माझ्या शेजारी राधाक्का उभी होती. हर्णैच्या मासळीच्या लिलावात तीस वर्षं उभी राहिलेली बाई. ती म्हणाली, "यात शिकायचं काय हाय? एकदा सांगितलं की बाप्ये ऐकत नायत. दुसऱ्यांदा सांगितलं की मान हलवतात. तिसऱ्यांदा आपन देतो!"

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी बर्फखान्यात गाणं सुरू झालं.

*

मुंबईहून पहिला मोठा बँड आला. तीन गाड्या भरून सामान. गायकाच्या डोक्यावर चामड्याची टोपी, मे महिन्यात! बरोबर साउंड इंजिनिअर. स्पीकर लावले आणि त्यातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. इंजिनिअर तासभर वायरी काढतोय, लावतोय. घूं काही जाईना.

मी उठून बोर्डापाशी गेले.

"आजी, हात लावू नका हं!"

पुन्हा तेच! माझ्या जन्मपत्रिकेत बहुतेक लिहिलं असावं हे वाक्य.

मी बाहेर गेले. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि कारखान्याच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात नेऊन ओतलं. मे महिन्यात तो कोरडा पडतो आणि तारांमध्ये घूं भरतं, मशीन होतं तेव्हाही भरायचं. परत आत आले तर घूं गायब!

इंजिनिअर म्हणाला, "काय केलंत?"

म्हटलं, "स्पीकरला तहान लागली होती."

तेव्हापासून आवाजाच्या मिक्सरवर मी बसते. शहरातून येणाऱ्यांना मिलिंद आधीच फोनवर सांगून ठेवतो, साउंड आमच्या मावशी बघतात, वाद घालू नका.

*

त्याच बँडचा त्याच दिवसाचा किस्सा. गाणं ऐन रंगात आलं होतं. टोपीवाला डोळे मिटून गातोय. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "होड्या लागल्या!"

राधाक्का उठली. तिच्यामागे पहिली रांग उठली, मग दुसरी. टोपीवाल्याने डोळे उघडले तेव्हा समोर मी आणि मिलिंद, बाकी खोली रिकामी.

तो कळवळून दाराकडे धावला. "मावशी, गाणं आवडलं नाही का?"

राधाक्का डोक्यावर टोपली ठेवत म्हणाली, "आवडलं की रे! पन गानं ताजं राहील, पापलेट नाय राहायचं!"

पाऊण तासाने सगळ्या परत आल्या, टोपल्या भिंतीला लावल्या आणि जागच्या जागी बसल्या. राधाक्का म्हणाली, "हां, कुठल्या ओळीवर व्हतास?"

आता आमच्याकडे मध्यंतर घड्याळावर होत नाही. होड्यांवर होतं.

*

एकदा पुण्याचे एक अभ्यासक आले. बारीक दाढी, मोठा रेकॉर्डर. त्यांना अस्सल लोकगीत हवं होतं. "मुळाकडचं," असं तीनदा म्हणाले. राधाक्काने एक म्हटलं, जाळं ओढायचं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, पाणी आलं डोळ्यांत.

"किती पिढ्या जुनं असेल हे, आजी?"

"दोन."

"फक्त दोन?"

"मी आनि माजी सून. तिनं काल चाल बदलली."

*

मिलिंद गातो ती गाणी बरीचशी सारखीच. सकाळी उठलो, माझी बाई मला सोडून गेली, आता मी काय करू. तो प्रत्येकाचा अर्थ सांगायचा. चार रविवार आमच्या बायकांनी ऐकून घेतलं. पाचव्या रविवारी मी म्हटलं, "मिलिंद, बाई कुठे गेली, का गेली, ते कोणी गातं की नाही?"

"तुम्ही गा ना!"

आमच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईत. सोडून जाणं काय असतं ते आम्हाला समजावून सांगायला गिटार कशाला लागते? राधाक्काची सून शैला उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला होता तिने. गायली:

"तू ऱ्हातंस मुंबईला, छपराला गळती हाय,
तू ऱ्हातंस मुंबईला, छपराला गळती हाय,
घाई करू नको येन्याची, गवंडी वलकीचा हाय!"

बर्फखाना हसून हसून फुटायचा बाकी राहिला. कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि पाठवलं. ते गावातल्या ग्रुपवरून मुंबईच्या ग्रुपवर गेलं.

आठवड्याच्या आत शैलाचा नवरा हजर! दोन वर्षं "साहेब रजा देत नाय" म्हणणारा तो माणूस सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन एसटीतून उतरला. स्वतः छपरावर चढला. खाली राधाक्का उभी राहून विचारत होती, "काय रे, रजा गवंड्यानं दिली काय?"

अर्ज कुठून आला, कळलं ना आता? गाण्याबद्दल तोवर कोणाची तक्रार नव्हती. बायका माइक धरायला लागल्या आणि गावाचे कान दुखायला लागले!

*

तक्रार झाली म्हणून एका बुधवारी हवालदार आले. भला माणूस. बाळू त्यांच्याबरोबर दारात उभा, हात मागे बांधून. मी म्हटलं, "साहेब, आम्ही वाजवतो. तुम्ही दोघं बाहेर थांबून ऐका आणि मग काय ते लिहा."

आत सगळे स्पीकर पूर्ण लावले. मिलिंदने गिटार अशी काही पिटली की छताची जळमटं खाली आली. मी बाहेर आले, खांदा देऊन दार घट्ट लावलं आणि त्या दोघांजवळ बसले. हवालदारांनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. शेवटी जांभई देत म्हणाले, "बाई, सुरू कधी करणार?"

म्हटलं, "सुरू होऊन वीस मिनिटं झाली साहेब."

हवालदार निघून गेले. बाळू मात्र पायाने वाळू उकरत म्हणाला, "पन रविवारी येतो आवाज. देवळापर्यंत येतो. खोटं नाय सांगत."

खोटं सांगत नव्हता. रविवारी येतोच.

*

बाळूचं एक सांगायचं राहिलं. हा माणूस तरुणपणी जाखडीच्या नाचात मृदंग वाजवायचा. दापोलीपासून गुहागरपर्यंत लोक त्याचा हात ऐकायला यायचे. अध्यक्ष झाला आणि सोडलं. अध्यक्षाला शोभत नाही म्हणे. आमच्याकडे तो दर रविवारी येतो, 'लक्ष ठेवायला'. पण आत यायचं नाही! पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्या उंबऱ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर. पाठीने दार रेटलेलं.

गेल्या महिन्यात मुंबईचा एक ड्रमवाला आला होता. एका गाण्यात तो पार चुकला. मिलिंद एकीकडे, तो भलतीकडे. मी मिक्सरवर कपाळाला हात लावून बसले. आणि मग बघता बघता ड्रम असे जागेवर आले, की शेवटपर्यंत हलले नाहीत.

नंतर मी त्याला विचारलं, "सावरलंस कसं रे?"

तो म्हणाला, "मावशी, दारातल्या त्या काकांच्या पायाकडे बघून वाजवत होतो. आतल्या पायाकडे. काय पक्का ठेका आहे हो त्यांचा! कुठल्या बँडचे?"

म्हटलं, "विरोधी पक्षाचे."

दुसऱ्या दिवशी मी एक जुना मृदंग आणला, चामड्याच्या पुड्या नव्याने चढवून घेतल्या आणि मिलिंदच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. कोणी विचारलं तर सांगते, शोभेला आहे.

*

चष्मा सापडला. बाळूने पाचही मुद्दे वाचले. ध्वनी, गर्दी, परके लोक, गावाची संस्कृती आणि पाचवा, 'महिलांचे अशोभनीय गायन'. पाचव्याला त्याचा आवाज जरा खाली गेला, कारण समोर त्याची स्वतःची बायको दुसऱ्या रांगेत बसली होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. करा सही."

"नाही करणार."

"काकी, मग उद्या ठराव होनार. मी थांबवू शकनार नाय. लोक मला इचारतात, तू अध्यक्ष असून तुज्या गावात हे चाललंय काय!"

"लोकांना सांग, इंदूबाईने हा बर्फखाना चालवला तेव्हा कोणाला विचारलं नाही, आणि गाणं चालवायलाही विचारणार नाही. कुलूप घालायचं असेल तर मी आत असताना घाला. ह्या सगळ्या आत असताना घाला!"

शैलाने माइक हातात घेतला होता, तो खाली ठेवला नाही. मिलिंदला काय वाटलं कोण जाणे, त्याने हळूच वाजवायला सुरुवात केली. संथ चाल. गिटार भिंतीला लागून परत आली, बायकांच्या डोक्यांवरून गेली आणि उघड्या दारातून सरळ बाहेर पडली. देवळाच्या दिशेने.

"हे बघा!" बाळू कागद हलवत ओरडला. "हाच तो आवाज! आता ऐकतंय ना सगळा गाव! मी काय खोटं बोलत व्हतो?"

ओरडत होता आणि त्याचा उंबऱ्याच्या आतला पाय ठेका धरत होता. राधाक्काने तो पाय बघितला. शैलाने बघितला. त्याच्या बायकोने बघितला आणि पदर तोंडाला लावला. फक्त बाळूला पत्ता नव्हता.

मी मिक्सरवरून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाळू, आवाज ह्या दारातून जातो."

"तेच तर मी सांगतोय मघापासनं!"

"बाळू, आवाज ह्या दारातून जातो."

मागे मिलिंदने मधली जागा भरली. बाळूच्या हातातला कागद खाली आला. "मग?" तो म्हणाला.

"मग तो बाहेरचा पाय आत घे, आणि दार लाव!"