तेच तेच लिहिलेलं पान

“ह्या पोरीला दुसरा शब्दच येत न्हाय का वो?”

काकांनी हे सरांना हळूच विचारलं, पण कोल्हापुरातलं हळूच पलीकडच्या खोलीतही ऐकू जातं. मी तर दोनच खुर्च्या सोडून बसले होते. मी मान वर केली नाही.

काकांचं चपलांचं दुकान आहे. त्यांच्या वेबसाइटचं पान मी लिहिलं होतं, आणि त्याची प्रिंट घेऊन ते आमच्या सरांच्या ऑफिसात आले होते. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, “कोल्हापुरी चप्पल हवी असेल तर आमची कोल्हापुरी चप्पल बघा, कारण कोल्हापुरी चप्पल...” मग चष्मा काढला. “आवो, दुकानात मी असं बोलाय लागलो तर गिऱ्हाईक पळून जाईल की! म्हातारा बिघडला म्हणंल.”

सर हसले. “काका, हे माणसांसाठी नाही, सर्चसाठी आहे. शब्द जितक्या वेळा, तितकं पान वर.”

“मग खाली का गेलंय? माझी पोरगी पुण्यात बसून शोधतीय, तिला बापाचं दुकान घावंना. पहिलं घावत हुतं.”

“अजून दहा वेळा टाकू,” सर म्हणाले.

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “टाका. आमास्नी काय कळतंय त्यातलं. तुमी शिकल्याली माणसं.”

मला कळत होतं. शब्द शीर्षकात एकदा, सुरुवातीला एकदा, पुढे वाक्याला लागेल तिथेच घ्यायचा. उगाच कोंबला की सर्च इंजिन पान मागे ढकलतं. हे मी कामाला लागले त्याच महिन्यात वाचलं होतं आणि सरांना कधी सांगितलं नव्हतं.

खरं तर सरांचा नियम माझ्या सोयीचा होता. मी वारणानगरला इंग्रजी शाळेत शिकले. घरी, कोडोलीला, ‘ते पायताण’ऐवजी ‘तो पायताण’ म्हटलं की चुलत्या मला ‘मॅडम’ म्हणून चिडवायच्या. काकांच्या दुकानात चपलेला सगळे पायताणच म्हणतात. पट्टा, वेणी, कान, अंगठा असे चपलेचे भाग, चालताना होणारी करकर, सगळं मी तिथे बसून वहीत उतरवून आणलं होतं. त्यातलं पानावर काहीच आलं नाही. तो, ती की ते, चुकलं तर लोक हसतील. ‘कोल्हापुरी चप्पल’ चुकण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तेच लिहीत सुटले.

काकांनी प्रिंटची घडी घालून खिशात ठेवली. सरांनी मला मानेनं खूण केली, कर सुरू. मी पान उघडलं. काका दारापर्यंत पोचले होते.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “अजून टाकलं तर पान आणखी खाली जाईल. मला माहीत होतं. मराठी चुकेल म्हणून मी तेच तेच लिहिलं.”